इस्त्री केलेली वाक्यं

फुटबॉल क्लबात सगळे त्यांना इस्त्रीवाल्या बाई म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते आवडायचं. कपड्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. बाई दुभाषी. फ्रेंचमधून इंग्रजीत, इंग्रजीतून फ्रेंचमध्ये. समोरचा माणूस अडखळो, घुटमळो, एक वाक्य अर्ध्यात टाकून दुसरंच सुरू करो, बाईंच्या तोंडून ते बाहेर पडायचं ते कडक, घडी घातलेलं, एक सुरकुती नाही. व्यापाऱ्यांच्या बैठका झाल्या, विमावाल्यांच्या परिषदा झाल्या, सगळीकडे लोक म्हणायचे की आम्ही बोलतो त्यापेक्षा बाईंच्या तोंडून जास्त शहाणे वाटतो. वर्षानुवर्षं असं ऐकून कोणाचं डोकं जागेवर राहील? बाईंचं बऱ्यापैकी राहिलं होतं. पण अभिमान होता, आणि तो असण्यात काही चूक होती असं तोवर कोणालाच वाटलं नव्हतं.

फुटबॉलचं बाईंना ओ की ठो कळत नव्हतं. क्लबाने परदेशातून एक खेळाडू आणला, बचावफळीत डावीकडे खेळणारा, डाव्या पायाचा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणू लागले. पोरगा फक्त फ्रेंच बोलायचा. कोच, डॉक्टर, बाकीची टीम, सगळे इंग्रजीवाले. तेव्हा क्लबाने बाईंना बोलावलं आणि बाई हो म्हणून बसल्या. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून म्हणाल्या, "तुला? फुटबॉलला? अगं, तुला गोलकीपर हातात चेंडू का धरतो ते सांगावं लागलं होतं."

सासूबाईंना फुटबॉलचं वेड. सासरे असताना चोरून बघायच्या, ते गेल्यावर उघड उघड. त्यांनीच सुनेची शिकवणी घेतली. स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या दारांवर बाईंनी कागद चिकटवले: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे फ्रेंच. एका दारावर पंचांचे शब्द, दुसऱ्यावर दुखापतींचे, तिसऱ्यावर डोपिंग तपासणीचे. सासूबाई भाजी चिरता चिरता विचारायच्या.

"पंचाला काय म्हणतात गं तुझे फ्रेंच लोक?"

"आर्बित्र."

"आणि ऑफसाइडला?"

"ओर-झ."

"हे काय, ऐकणाऱ्याला शिंक आल्यासारखं वाटेल. बरं, दुखापत?"

"ब्लेसूर."

घोटा मुरगळणं, मांडीचा स्नायू फाटणं, गुडघ्यातली दोरी तुटणं, नाकाचं हाड मोडणं, सगळं पाठ झालं. डोक्याला मार बसून मेंदू हादरतो त्याला इंग्रजीत एक शब्द आहे आणि फ्रेंचमध्ये दोन. बाईंना ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आले असते. लघवीच्या नमुन्याच्या दोन बाटल्या, त्यांची सीलं, बंदी असलेली औषधं, परवानगीची औषधं, हेही आलं. बाई कामाला पक्क्या. कुठे शब्द अडला आणि त्यामुळे नाचक्की झाली, असं त्यांच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं.

डावऱ्याचं बोलणं म्हणजे एक प्रकरणच होतं. पायात जेवढी चपळाई, जिभेत तेवढाच आळस. "ते… म्हणजे… कोचना सांगा… त्या बाजूने… तसं," इतकंच बोलून तो बाईंकडे बघायचा. आणि बाई कोचना सांगायच्या, "तो म्हणतो की उजव्या बाजूने हल्ला आला तर मधल्या खेळाडूने थोडं मागे राहावं." डावरा खूश होऊन मान हलवायचा. हेच तर म्हणायचं होतं त्याला. महिन्याभरात तो बाईंना त्याच्या भाषेतला मावशीचा शब्द लावून हाक मारू लागला. त्याच्या आईचा फोन आला की तो बाईंच्या हातात द्यायचा, आणि आई बाईंना बजावायची की तो पोटभर जेवत नसेल तर मला सांगा, तो स्वतः सांगायचा नाही.

सामना दुपारचा होता. बाई राखीव खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला छत्रीच्या सावलीत बसल्या होत्या. उत्तरार्धात पलीकडच्यांना कॉर्नर मिळाला, चेंडू उंच आला, डावरा आणि समोरचा धिप्पाड फॉरवर्ड दोघे एकदम उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. आवाज बाकापर्यंत आला. फॉरवर्ड कपाळ चोळत उठला. डावरा कुशीवर पडून राहिला.

पंचाने शिट्टी मारून हात हलवला. टीमचे डॉक्टर बॅग घेऊन धावले आणि धावता धावता मागे न बघता त्यांनी बाईंना खूण केली. डॉक्टर म्हणजे जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, लगेच भडकणारा आणि लगेच शांत होणारा माणूस. खेळाडू त्यांना घाबरायचे आणि दुखलंखुपलं की पहिले त्यांच्याकडेच जायचे. बाई चपला सांभाळत हिरवळीवरून त्यांच्या मागे गेल्या.

तोवर डावरा उठून बसला होता. डाव्या कानाच्या वर हात धरून गवताकडे बघत होता. डॉक्टरांनी मान तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली, हात धरून उभं केलं, एका पायावर उभं राहायला लावलं. तो राहिला.

"विचारा, आपण कुठे खेळतोय," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी विचारलं. डावरा म्हणाला, "घरी." मग थांबून, "घरी… ते… घर."

"घरच्या मैदानावर," बाई म्हणाल्या.

"पहिला हाफ की दुसरा?"

"दोन. ती दोन… हो."

"दुसरा."

"मागच्या सामन्यात कोणाशी खेळलो? काय झालं?"

डावऱ्याने ओठ चाटले. "लाल. लाल दार. बूट… जिंकलं."

मागच्या सामन्यात समोरची टीम लाल जर्सीची होती आणि आपण जिंकलो होतो. बाईंनीच त्याला त्या दिवशी मुलाखतीत सांभाळून घेतलं होतं. "लाल जर्सीवाल्यांशी. आम्ही जिंकलो," बाई म्हणाल्या.

पंच घड्याळाकडे बघत जवळ आला. प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. रेषेबाहेरून कोच दोन्ही हात पसरून ओरडत होते, कारण बदली खेळाडू सगळे वापरून झाले होते. डावरा बाहेर गेला तर टीम एकाने कमी.

"काही त्रास होतोय का, नीट विचारा," डॉक्टर म्हणाले.

डावरा बाईंकडे बघून हळूच म्हणाला, "दार लावा ना, मावशी."

शिट्ट्या तर बाईंनाही सहन होत नव्हत्या. पोराला आवाज नकोसा झालाय, एवढं त्यांना लगेच कळलं. "आवाजाचा थोडा त्रास होतोय, बाकी काही नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी क्षणभर डावऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पंचाकडे वळून म्हणाले, "बोलतोय व्यवस्थित. खेळू दे त्याला."

आणि तो खेळला. थोडा सावकाश खेळला, एकदा थ्रो-इनला चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, पण शेवटपर्यंत मैदानावर राहिला. सामना बरोबरीत सुटला. कोचनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

डोपिंग तपासणीसाठी चिठ्ठी निघते ती निघाली, आणि त्यात डावऱ्याचा नंबर आला. तपासणीवाल्यांचा एक उंच, न हसणारा माणूस मैदानाच्या कडेलाच त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला सोबती म्हणतात, आणि नमुना देईपर्यंत खेळाडूला नजरेआड होऊ द्यायचं नाही हे त्याचं काम. बाईही मागोमाग गेल्या. डावरा भिंतीला हात लावत चालत होता. दमलाय बिचारा, असं बाईंना वाटलं.

तपासणीची खोली पांढरी, लहान, थंड. एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचा फ्रीज, आतल्या बाजूला संडास. टेबलामागे तपासणी अधिकारी बाई बसल्या होत्या, बारीक चष्म्याच्या, आवाज न चढवता दम देणाऱ्या. त्यांनी आधी डावऱ्याचं ओळखपत्र पाहिलं आणि मग आपल्या बाईंकडे वळल्या.

"दुभाषी तुम्ही? ऐकून घ्या. इथे सारांश नको. तो जे बोलेल ते, जसं बोलेल तसं. त्याने वाक्य अर्धं सोडलं तर तुम्हीही अर्धं सोडा. उद्या सुनावणी झाली तर त्याच्या एकेका शब्दावर होते. मागे एका दुभाष्याने खेळाडूचं बोलणं स्वतःच्या मनाने सुधारून सांगितलं आणि आमची केस पडली."

बाईंना थोडा राग आला. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर असं ऐकून घ्यायचं म्हणजे काय. पण काम ते काम. "जसं बोलेल तसं," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवले. बाईंनी ते फ्रेंचमध्ये सांगितले, एक शब्द इकडचा तिकडे नाही. डावरा टेबलाच्या कडेकडे बघत बसला होता. पाण्याची बाटली दिली ती त्याने धरली, पण उघडली नाही.

"गेल्या आठवड्यात कुठली औषधं घेतलीस? गोळी, मलम, इंजेक्शन, काहीही."

डावरा बोलू लागला, आणि अधिकाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे बाईंनी त्याच्यामागून एकेक तुकडा उचलून इंग्रजीत ठेवायला सुरुवात केली.

"गोळी… निळी. नाही. दार. आईने गोळी दार… ते तिकडे बूट आहे. बूट दुखतो. इथे. निळं… निळं लावा."

अधिकाऱ्यांचं पेन वर राहिलं. सोबती आधी बाईंकडे आणि मग डावऱ्याकडे बघू लागला.

"काय म्हणालात?" अधिकारी म्हणाल्या.

"तो असंच म्हणाला."

"याला काही अर्थ आहे का?"

बाईंच्या जिभेवर अर्थ तयार होता. सवयच ती. निळी गोळी, आईने दिलेली, बूट चावतोय म्हणून पाय दुखतो, त्यासाठी. किती सरळ, किती छान. आणि ते वाक्य तोंडात धरून बाई बसल्या असताना त्यांच्या कानात दुसरं वाक्य वाजलं. लाल दार. बूट. दार लावा ना, मावशी.

खुर्चीत बसलेल्या असूनही त्यांना टेबल धरावं लागलं. इथे जे ऐकून सगळे अवाक झाले होते, तेच त्यांनी हिरवळीवर उभं राहून ऐकलं होतं. तेच दार, तोच बूट. आणि डॉक्टरांच्या हातात त्यांनी काय दिलं होतं? लाल जर्सीवाल्यांशी, आम्ही जिंकलो.

"याने काही घेतलंय का?" अधिकाऱ्यांनी सोबत्याला विचारलं. आवाज बदलला होता. "डोळे बघा त्याचे. टीमच्या डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर आले ते तापूनच आले. "माझ्या खेळाडूवर संशय? अहो, हा पोरगा सर्दीची गोळी घ्यायच्या आधीसुद्धा मला दाखवतो."

"मग तुम्हीच त्याच्याशी बोला," अधिकारी म्हणाल्या.

डॉक्टरांनी डावऱ्यासमोर बसून नाव विचारलं. बाईंनी प्रश्न फ्रेंचमध्ये सांगितला. डावरा बराच वेळ विचार करून म्हणाला, "बाटली." बाईंनी तसंच सांगितलं. डॉक्टरांचा राग उतरला, पण घाबरले म्हणावं तसे ते घाबरले नाहीत. त्यांनी डावऱ्याचा हात हातात घेतला, नाडी पाहिली.

"मैदानावर चांगला बोलत होता," ते म्हणाले. "तेव्हा डोकं साफ होतं, म्हणजे मार तेवढा नाही. नंतर उन्हात पळून पळून पाणी कमी पडलंय. याला आमच्या खोलीत झोपवू, सलाईन लावू, तासाभरात माणसात येईल. नमुना नंतर घ्या."

सोबती दार उघडायला उठला. सगळं मार्गाला लागल्यासारखं झालं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली, डॉक्टरांनी डावऱ्याच्या काखेत हात घातला. बाईंनी तोंड उघडलं नसतं तर कोणाला काहीही कळलं नसतं. हिरवळीवर फ्रेंच कळणारं दुसरं कोणी नव्हतं.

"डॉक्टर, थांबा," बाई म्हणाल्या. "मैदानावर तो चांगला बोलत नव्हता."

"म्हणजे?"

"आत्ता बोलतोय ना, तसाच बोलत होता. दार म्हणत होता, बूट म्हणत होता. बाकी काही त्रास नाही असं तो म्हणालाच नव्हता. ते मी म्हणाले."

डॉक्टरांचा हात डावऱ्याच्या काखेतच राहिला. "तुम्ही मला सांगितलंत की लाल टीम, आम्ही जिंकलो."

"तो म्हणाला, लाल दार, बूट, जिंकलं. मला वाटलं की…"

"मला का नाही सांगितलंत?"

"मला कळलंच नाही."

"कळलं नाही म्हणजे काय, बाई? तुमच्या कानांनी ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण मी ऐकता ऐकताच नीट करते. तो नेहमीच तुटक बोलतो, मी नेहमीच जोडते. आजही जोडलं." बाईंना आपलाच आवाज परका वाटत होता.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी खिशातून बॅटरी काढून डावऱ्याच्या डोळ्यांवर धरली, एकावर, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. "डावी बाहुली मोठी झालीये," ते सोबत्याला म्हणाले. "रुग्णवाहिका दाराशी आणा. आत्ताच्या आत्ता." तेवढ्यात डावरा पुढे वाकला आणि टेबलावर, त्या कोऱ्या अर्जावर आणि सीलबंद बाटल्यांवर भडाभडा ओकला.

रुग्णवाहिकेत डावऱ्याच्या उशाशी डॉक्टर, पायाशी बाई, आणि बाईंना खेटून तो उंच सोबती, मांडीवर नमुन्याच्या बाटल्यांचा डबा घेऊन. नमुना झालेला नव्हता, म्हणून खेळाडूला नजरेआड करता येत नव्हतं. एवढं रामायण झालं तरी नियम तो नियम. बाईंना त्या डब्याकडे बघून हसावं की रडावं कळेना. वाटेत डावऱ्याचे डोळे मिटले आणि डॉक्टरांनी हाका मारूनही उघडले नाहीत. तेव्हा सोबत्याने काही न बोलता डबा पायाखाली ठेवला आणि डावऱ्याचा घसरलेला पाय हाताने धरून ठेवला.

रुग्णालयाच्या दारात मेंदूचे सर्जन भेटले, तरुणच होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: बोलणं कधीपासून बिघडलं?

टीमच्या डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं नाही. "मार बसल्यापासूनच," ते म्हणाले. "आम्हाला उशिरा कळलं."

"मग वेळ गेलाय बराच," सर्जन म्हणाले आणि स्ट्रेचरबरोबर पळत आत गेले.

बाहेर भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोघे बसले, मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून. एवढे शब्द पाठ केले, तीन दारं भरून. मेंदूला मार बसला तर काय म्हणतात ते दोन्ही भाषांत पाठ. आणि तो मार समोर उभा राहून बोलत होता, तेव्हा आपण त्याला कपडे घालून, भांग पाडून लोकांसमोर उभा केला. बाईंना स्वतःची किळस आली. इतकी वर्षं लोकांच्या तोंडातलं किती काय असं आपण गिळलं असेल, हा विचार आला आणि त्या घाईने उठून उभ्या राहिल्या, जणू खुर्चीला चटका बसला.

सासूबाईंचा फोन आला. टीव्हीवर बातमी दाखवत होते. "अगं, तू होतीस ना तिथे? बिचारं लेकरू. मैदानावर काय म्हणत होता गं तो?"

"घरी आल्यावर सांगते, आई," एवढंच बाईंना म्हणता आलं.

संध्याकाळ झाली, खिडकीतलं ऊन गेलं. टीमच्या डॉक्टरांनी दोन पेले चहा आणला आणि एक बाईंच्या शेजारी ठेवला. ते म्हणाले, "निर्णय माझा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मलाही काहीतरी खटकलं होतं." बाईंनी मान हलवली. चहा तसाच राहिला.

सर्जन बाहेर आले तेव्हा डावऱ्याचा फोन बाईंच्या पिशवीत वाजत होता. त्याच्या कपड्यांबरोबर तो त्यांच्याकडेच दिला होता. पडद्यावर नाव नव्हतं, नुसतं आई. बाईंनी सर्जनना सांगितलं की ही त्याची आई आहे, हिला फक्त फ्रेंच येतं. सर्जननी टोपी काढून खिशात कोंबली. "सांगा त्यांना, मी बोलतो."

आईला बातमी कळली होती, पण किती कळली होती कोण जाणे. "बाई, तुम्ही आहात ना तिथे? मग ठीक आहे," ती म्हणाली. बाईंनी स्पीकर लावून फोन मध्ये धरला.

सर्जन थकलेले होते. ते भिंतीकडे बघत बोलले. "ऑपरेशन… झालं. रक्त साकळलं होतं, ते काढलं. दाब बराच वेळ होता. तो जगेल. मला वाटतं, जगेल. बोलणं… डावी बाजू आहे, म्हणजे जिथून भाषा…" ते थांबले. त्यांनी डोळे चोळले. "बघू. आत्ता मी…" आणि पुढे काही बोललेच नाहीत.

बाई सांगणार एवढ्यात आई घाईने म्हणाली, "काय म्हणाले? बरा होईल ना तो? सांगा ना नीट. माझा मुलगा नेहमी म्हणतो, मावशींना माझ्या मनातलं बरोब्बर कळतं. बोलायला लागेल म्हणाले ना?"

वाक्य तयार होतं. ऑपरेशन चांगलं झालं, तो जगणार आहे, बोलणं हळूहळू येईल. त्यात फारसं खोटंही नव्हतं. ती बिचारी बाई आज रात्री तेवढ्यावर झोपली तरी असती.

"नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टर तसं म्हणाले नाहीत."

"मग काय म्हणाले?"

बाईंनी सांगितलं. सर्जन जिथे थांबले तिथे त्या थांबल्या. "मला वाटतं" हे जिथे होतं तिथेच ठेवलं. भाषा या शब्दाशी वाक्य तुटलं होतं, तिथेच तोडलं, आणि शेवटचं "आत्ता मी" सांगून गप्प झाल्या. इतकं कठीण भाषांतर त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

मग आई म्हणाली, "दाब बराच वेळ होता म्हणजे? एवढी माणसं होती तिथे. कोणी त्याला विचारलं नाही, बाबा तुला काय होतंय?"

बाईंनी हा प्रश्न इंग्रजीत सांगितला, जसाच्या तसा. सर्जन टीमच्या डॉक्टरांकडे बघू लागले. डॉक्टरांनी फोनसाठी हात पुढे केला. "तिला सांगा की तपासणीत माझी चूक झाली. मी डॉक्टर आहे, हे माझं आहे."

"तुमचंही सांगेन," बाई म्हणाल्या, "पण आधी तिने जे विचारलंय ते."

त्यांनी फोन कानाला लावला. "विचारलं होतं, ताई. आणि त्याने सांगितलंही होतं, त्याला जमेल तसं. मला सांगितलं होतं. मी ते पुढे सांगितलं नाही."

फोन चालूच होता, आणि बाई तो कानाला धरून उभ्या राहिल्या.